आईचं पत्र, हरवलेला कागद आणि न भरलेला दंड

मागच्या अंकात अमेरिकेतल्या स्त्रियांच्या मताधिकारावर दोन पानं लिहिली होती. १८४८ ची सेनेका फॉल्सची स्त्री-हक्क सभा ते बायकांना मत देणारी १९२० ची एकोणिसावी घटनादुरुस्ती, म्हणजे बहात्तर वर्षं. एवढा काळ दोन पानांत कोंबला की काय होतं, ते तुमच्या पत्रांनी दाखवून दिलं. काहींनी चुका काढल्या, काहींनी भांडण काढलं आणि एका मुलीने भाषण पाठ करायला मागितलं. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही. ज्यांनी मला कपाटातली पुस्तकं पुन्हा खाली काढायला लावली, त्यांची पत्रं आधी घेते.

बाई, सेनेका फॉल्सच्या सभेबद्दल लिहिताना तुम्ही एलिझाबेथ केडी स्टँटन यांचं नाव घेतलंत, सुझन अँथनी यांचं गाळलंत. दोघींनी मिळूनच ती सभा भरवली होती ना?

नाही. आणि रागावत नाही, कारण हीच चूक मी स्वतः कितीतरी वर्षं फळ्यावर लिहून दिली आहे. माझ्या विद्यार्थिनींपैकी कोणी हे वाचत असेल तर तिने वहीत दुरुस्ती करून घ्यावी.

१९ आणि २० जुलै १८४८ ला ती सभा झाली, तेव्हा अँथनी न्यूयॉर्क राज्यातच कॅनाजोहारी इथे शाळेत शिकवत होत्या. त्यांना त्या सभेशी काही देणंघेणं नव्हतं. गंमत अशी की दोन आठवड्यांनी रॉचेस्टरला पुढची सभा झाली, तिला त्यांचे आईवडील आणि धाकटी बहीण मेरी गेले आणि सेनेका फॉल्सला काढलेल्या स्त्री-हक्कांच्या जाहीरनाम्यावर सह्या करून आले. म्हणजे घरातले सगळे चळवळीत पोचले आणि जिचं नाव पुढे नाण्यावर आलं ती मागे राहिली! स्टँटन यांच्याशी त्यांची ओळख १८५१ मध्ये झाली, सेनेका फॉल्सच्याच रस्त्यावर. अमेलिया ब्लूमर यांनी ती करून दिली.

मूळ सभा ठरली ती शेजारच्या वॉटर्लू गावात, जेन हंट यांच्या घरी, चहाच्या टेबलाशी. ल्युक्रेशिया मॉट, त्यांची बहीण मार्था राइट, मेरी अॅन मॅक्लिंटॉक, स्टँटन आणि स्वतः हंट, अशा पाच जणी. जाहिरात दिली तिच्यात पहिला दिवस फक्त बायकांसाठी असं छापलं, तरी पुरुष आलेच. अध्यक्षपदी मॉट यांचे यजमान जेम्स बसले, कारण एवढ्या मिश्र सभेत बाईने अध्यक्ष होणं त्या पाच जणींनाही अजून झेपत नव्हतं. दोन आठवड्यांनी रॉचेस्टरला अॅबिगेल बुश त्या खुर्चीवर बसल्या, तेव्हा मॉट आणि स्टँटन यांनीच विरोध केला होता. मला हा तपशील फार आवडतो. क्रांती करणाऱ्यांनाही आधी क्रांतीची भीती वाटते.

आणखी एक. त्या जाहीरनाम्यावर १०० सह्या होत्या, ६८ बायकांच्या आणि ३२ पुरुषांच्या. वर्तमानपत्रांनी टिंगल सुरू केल्यावर काहींनी सह्या मागे घेतल्या. तो सह्यांचा मूळ कागद आज कोणाकडेही नाही. गुलामीतून सुटलेले काळे नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या रॉचेस्टरमधल्या छापखान्यात छापलेली पुस्तिका आहे, म्हणून मजकूर टिकला. हाताने लिहिलेला कागद गेला.

अमेरिकेत बायकांनी पहिल्यांदा मत १९२० मध्येच दिलं का?

छे! न्यू जर्सीत १७७६ पासून देत होत्या. त्या राज्याच्या पहिल्या घटनेत ‘सर्व रहिवासी’ असं लिहिलं होतं, अट फक्त पन्नास पौंडांच्या मालमत्तेची. पुढे निवडणूक कायद्यात तर मतदाराचा उल्लेख ‘तो किंवा ती’ असाच आला. पण लग्न झालेल्या बाईची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची, त्यामुळे मत मिळे ते विधवेला आणि अविवाहितेला. १८०७ मध्ये नवा कायदा करून गोऱ्या पुरुषांशिवाय सगळ्यांचं मत काढून घेतलं. बायका आणि काळे, दोघेही एका फटक्यात बाहेर.

मग १८६९ च्या डिसेंबरात वायोमिंग, तेव्हा ते राज्यही नव्हतं. पाठोपाठ यूटा. यूटाच्या बायकांचा हक्क वॉशिंग्टनच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, १८८७ मध्ये परत काढून घेतला, आणि १८९६ मध्ये यूटा राज्य झालं तेव्हा तो परत आला. एकदा मिळालेला हक्क कायमचा असतो हे कोणी ठरवलं?

मी नववीत आहे. वक्तृत्व स्पर्धेसाठी सोजर्नर ट्रुथ यांचं ‘मी बाई नाही का?’ हे भाषण करणार आहे. पूर्ण भाषण कुठे मिळेल?

बाळ, भाषण जरूर कर, पण आधी थोडं ऐक.

गुलामीत जन्मलेल्या ट्रुथ १८५१ च्या मे महिन्यात ओहायोतल्या अॅक्रनच्या सभेत बोलल्या, हे अगदी खरं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या हातचा मजकूर नाही. त्या सभेला हजर असलेल्या मरियस रॉबिन्सन यांनी महिन्याभरात ते भाषण वर्तमानपत्रात छापलं. त्या छापील भाषणात ‘मी बाई नाही का?’ हे वाक्य नाही. एकदाही नाही.

ते वाक्य येतं बारा वर्षांनंतर, १८६३ मध्ये, सभेच्या अध्यक्ष फ्रान्सिस गेज यांनी आठवणीतून लिहिलेल्या भाषणात. गेज बाईंनी ट्रुथ यांच्या तोंडी दक्षिणेकडच्या गुलामांची बोली घातली. ट्रुथ जन्मल्या न्यूयॉर्क राज्यातल्या अल्स्टर काउंटीत, डच बोलणाऱ्या मालकाकडे. त्यांची पहिली भाषा डच. दक्षिणेची बोली त्या कशाला बोलतील? गेज यांच्या मजकुरात तेरा मुलं विकली गेल्याचं आहे, तर ट्रुथ यांना पाच मुलं होती.

मग सगळं खोटं का? नाही. रॉबिन्सन यांचं भाषणही जबरदस्त आहे. मी नांगरलंय, कापणी केलीय, लाकडं फोडलीयत, पुरुषाइतकं खाऊही शकते, मिळालं तर, असं त्या म्हणतात. आणि मग तो मापाचा दाखला: बाईकडे एक पाइंट बुद्धी असेल आणि पुरुषाकडे क्वार्ट, तर तिचं ते एवढंसं पाइंट तरी तिला भरून का घेऊ देत नाही? क्वार्ट म्हणजे दोन पाइंट, हे श्रोत्यांना आधी सांगून टाक, नाहीतर वाक्य वाया जाईल.

माझं ऐकशील तर १८५१ चं भाषण कर. टाळ्या थोड्या कमी पडतील, कारण ओळखीची ओळ येणार नाही. परीक्षकांनी विचारलं तर गेज बाईंची गोष्ट सांग. आणि वेळ उरला तर हेही सांग की १८२८ मध्ये याच ट्रुथ यांनी आपला मुलगा बेकायदा अलाबामात विकला गेला म्हणून गोऱ्या माणसाविरुद्ध कोर्टात दावा लावला आणि मुलगा परत मिळवला. अंगठा उठवणाऱ्या बाईने!

मत दिल्याबद्दल अँथनी यांना १०० डॉलर दंड झाला, तो त्यांनी भरला नाही, असं तुम्ही लिहिलंत. मग त्यांना तुरुंगात का टाकलं नाही? न्यायाधीश सज्जन होता का?

सज्जन नव्हता, चतुर होता. हा प्रश्न एका निवृत्त कोर्ट कारकुनांनी पाठवलाय, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देते. त्यांना मजा येईल.

५ नोव्हेंबर १८७२. रॉचेस्टरमध्ये अँथनी आणि आणखी चौदा बायकांनी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत टाकलं. त्यांचा मुद्दा साधा होता: घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीप्रमाणे आम्ही नागरिक, नागरिकाला मत असतं. दोन आठवड्यांनी मार्शलचा माणूस घरी आला. तो बिचारा संकोचला होता, तुम्ही सवडीने या म्हणाला. अँथनी म्हणाल्या, पुरुषाला नेता तसंच मला न्या. वाटेत ट्रामच्या कंडक्टरने पैसे मागितले तर म्हणाल्या, माझा प्रवास सरकारच्या खर्चाने चाललाय, याच्याकडे मागा. असं सांगतात, आणि त्यांचा स्वभाव पाहता ते पटतं.

खटला उभा राहायच्या आत त्यांनी मन्रो काउंटीत गावोगाव भाषणं दिली. जूरीत बसणारे तिथलेच लोक, ते फितले असं म्हणून सरकारने खटला शेजारच्या काउंटीत, कॅनन्डेग्वाला हलवला. बाईंनी तिथेही भाषणं सुरू केली. जून १८७३ मध्ये न्यायमूर्ती वॉर्ड हंट यांच्यासमोर सुनावणी झाली. आरोपी बाई असल्याने तिला स्वतःची साक्ष देता येत नाही, असं ठरलं. युक्तिवाद संपले आणि हंट यांनी खिशातून लिहून आणलेला कागद काढून वाचला. जूरीला विचारलंच नाही, ‘दोषी’ म्हणून नोंद करा असा हुकूम दिला.

दुसऱ्या दिवशी रीत म्हणून त्यांनी विचारलं, काही म्हणायचंय का? इथे त्यांची चूक झाली. बाई बोलायला लागल्या ते थांबेनात. खाली बसा, खाली बसा, असं न्यायमूर्ती म्हणत राहिले. अखेर १०० डॉलर दंड आणि खटल्याचा खर्च ठोठावला. एक डॉलरही भरणार नाही, असं त्यांनी तिथेच सांगितलं, आणि खरंच भरला नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दंड भरेपर्यंत तुरुंगात, असा हुकूम निघाला असता तर बाईंना त्या कैदेविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत जाता आलं असतं. हंट यांनी सरळ सांगितलं की दंडासाठी कोठडीत ठेवण्याचा हुकूम देत नाही. झालं, दार बंद.

पण ज्या तीन निवडणूक अधिकाऱ्यांनी ती मतं स्वीकारली, त्यांनाही प्रत्येकी २५ डॉलर दंड झाला. पैसे न भरल्याबद्दल तुरुंगवास आला तो पुरुषांना! ज्यांची मतं घेतली त्या बायका त्यांना तिथे जेवण पोचवत होत्या. शेवटी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यांना माफी दिली.

सुप्रीम कोर्टात दुसरी बाई पोचली, सेंट लुइसच्या व्हर्जिनिया मायनर. लग्न झालेल्या बाईला एकटीने दावा लावता येत नव्हता, म्हणून नवऱ्याचं नाव जोडावं लागलं. १८७५ मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं: बाई नागरिक आहे, याबद्दल वाद नाही. पण नागरिक असणं आणि मत असणं या दोन वेगळ्या गोष्टी. त्या दिवसापासून घटनादुरुस्तीशिवाय दुसरा रस्ता उरला नाही.

तुम्ही अँथनी आणि स्टँटन यांना डोक्यावर घेता. काळ्या लोकांच्या मताधिकाराला या दोघींनी विरोध केला होता, ते का लपवलंत?

लपवलं नाही, जागा पुरली नाही, असं उत्तर देता आलं असतं. ते पूर्ण खरं होणार नाही. मला त्या दोघी आवडतात आणि आवडत्या माणसांचं हे लिहायला हात जड होतो.

यादवी युद्धानंतर चौदाव्या दुरुस्तीने ‘पुरुष’ हा शब्द पहिल्यांदा अमेरिकेच्या घटनेत आणला. पंधराव्या दुरुस्तीने वंश, रंग आणि पूर्वीची गुलामी यांवरून मत नाकारू नये असं म्हटलं, त्यात लिंग नव्हतं. स्टँटन आणि अँथनी यांनी या दुरुस्तीला विरोध केला. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर राजकीय मतभेद म्हणता आला असता. पण स्टँटन यांनी काळ्या आणि स्थलांतरित पुरुषांबद्दल जे तुच्छतेने लिहिलं, ते वाचताना आजही पान उलटावंसं वाटतं.

मे १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत डग्लस उभे राहिले. १८४८ मध्ये सेनेका फॉल्सला मताधिकाराच्या ठरावाला ज्यांनी तारलं, तेच डग्लस. बायकांना बाई म्हणून घरातून ओढून दिव्याच्या खांबांना लटकवतील, तेव्हा त्यांची गरज आमच्याइतकी निकडीची होईल, असं त्यांनी म्हटलं. कोणीतरी ओरडलं, काळ्या बाईचं काय? ते म्हणाले, तिच्यावर हे होतं, पण बाई आहे म्हणून नाही, काळी आहे म्हणून. त्या वर्षी चळवळ फुटली. लूसी स्टोन आणि त्यांचे साथीदार पंधराव्या दुरुस्तीच्या बाजूने गेले. दोन संस्था झाल्या, त्या एक व्हायला १८९० उजाडलं.

पुढचं जास्त बोचतं. १८९५ मध्ये अटलांटाला अधिवेशन होतं. दक्षिणेतल्या गोऱ्या यजमानांना रुचणार नाही म्हणून अँथनी यांनी आपल्या जुन्या मित्राला, डग्लस यांना, येऊ नका असं सांगितलं. हे अँथनी यांनी स्वतःच काळ्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांना सांगितलं. वेल्स यांनी तोंडावर सांगितलं की तुम्ही चूक केलीत. त्याच वर्षी, २० फेब्रुवारीला, डग्लस वॉशिंग्टनमध्ये बायकांच्याच एका सभेला गेले होते. अँथनी यांनी त्यांना व्यासपीठावर नेऊन बसवलं. संध्याकाळी घरी गेल्यावर ते कोसळले आणि गेले.

याचा हिशेब कसा मांडायचा ते मला कळत नाही. तुम्हाला कळला तर लिहा.

पंडिता रमाबाई त्या काळात अमेरिकेत होत्या ना? त्यांना तिथे मत देणाऱ्या बायका दिसल्या असतील का?

रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८८ पर्यंत तिथे होत्या. फिलाडेल्फियात मत देणारी बाई कुठून दिसणार? बोस्टनमध्ये बायकांना मत होतं ते फक्त शाळा समितीच्या निवडणुकीत. पूर्ण मत देणाऱ्या बायका पाहायला पार पश्चिमेला जावं लागायचं. पण त्या तिथे असतानाच, एप्रिल १८८७ मध्ये कॅन्ससमधल्या आर्गोनिया नावाच्या छोट्या गावात एक प्रकार घडला. कॅन्ससने नुकताच बायकांना नगरपालिकेच्या निवडणुकीत मताचा हक्क दिला होता. काही टवाळांनी दारूबंदीवाल्या बायकांची फजिती करायला सुझाना सॉल्टर या सत्तावीस वर्षांच्या बाईचं नाव महापौरपदासाठी मतपत्रिकेवर घातलं. तिला सांगितलंही नाही. ती निवडून आली. वर्षभर काम केलं, वर्षाचा पगार एक डॉलर.

टेनेसीत एका आईच्या पत्रामुळे सगळ्या अमेरिकन बायकांना मत मिळालं, ही गोष्ट खरी की दंतकथा?

खरी. पण ‘पत्रामुळे’ या शब्दाला थोडा लगाम घालू.

एकोणिसावी दुरुस्ती काँग्रेसमध्ये जून १९१९ मध्ये पास झाली. मग ४८ पैकी ३६ राज्यांची मंजुरी हवी होती. मार्च १९२० पर्यंत ३५ झाली आणि गाडी अडली. ऑगस्टमध्ये टेनेसीच्या विधिमंडळाचं खास अधिवेशन नॅशव्हिलला भरलं. बाजूने असलेल्यांच्या कोटाला पिवळा गुलाब, विरोधकांच्या कोटाला लाल. गुलाब मोजले की निकाल कळत होता, आणि १८ ऑगस्टला लाल जास्त भरत होते.

हॅरी बर्न हा चोवीस वर्षांचा, सभागृहातला सगळ्यात तरुण सदस्य. कोटाला लाल गुलाब. ठराव तहकूब करण्यावर आधी मतदान झालं, बर्नने विरोधकांना साथ दिली. ४८ विरुद्ध ४८. पुन्हा मतदान, पुन्हा तेवढंच. मग ठरावावरच मतं घ्यायची वेळ आली. नाव पुकारल्यावर तो ‘हो’ म्हणाला, इतक्या पटकन की काहींना कळलंच नाही.

त्याच्या खिशात आईचं सात पानी पत्र होतं. फेब बर्न यांनी त्यात घरचं, गावचं सगळं लिहून मध्येच मुलाला बजावलं होतं की मताधिकाराच्या बाजूने मत दे, लोकांना ताटकळत ठेवू नकोस. चळवळीच्या नेत्या कॅरी चॅपमन कॅट यांच्या आडनावावर त्यांनी कोटीही केली होती: शहाण्या मुलासारखा वाग आणि ‘रॅटिफिकेशन’मधला ‘रॅट’ बसवायला कॅट बाईंना मदत कर. मांजर आणि उंदीर. राज्यघटना बदलायच्या पत्रात हा विनोद!

बँक्स टर्नर नावाच्या आणखी एका सदस्याने तहकुबीच्या वेळीच विरोधकांची साथ सोडली, म्हणून तिथे बरोबरी झाली; मग बर्नचं मत फिरलं आणि ४९ विरुद्ध ४७ झालं. टर्नरला कोणी ओळखत नाही, कारण त्याच्या खिशात पत्र नव्हतं. म्हणून म्हटलं, लगाम घाला. दुसऱ्या दिवशी बर्नने सभागृहात कारण दिलं: आईचा सल्ला मुलाने मानणं सगळ्यात सुरक्षित. हेही म्हणाला की मताधिकार हा आपल्याला मुळातच योग्य वाटतो. त्याच्या मतदारसंघात विरोध मोठा होता, तरी त्याच वर्षी तो पुन्हा निवडून आला.

२६ ऑगस्टला परराष्ट्रमंत्री बेनब्रिज कोल्बी यांनी सकाळी आपल्या घरीच दुरुस्ती मंजूर झाल्याच्या कागदावर सही केली. एकही बाई समोर नव्हती.

१९२० नंतर तिथे राहणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना मत मिळालं का?

तिथे जन्मलेलीला, हो. इथून गेलेलीला नाही, कारण तिला नागरिकच होता येत नव्हतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही असं ठरवलं. ते दार १९४६ मध्ये उघडलं. त्याहून विचित्र म्हणजे, असा अपात्र परदेशी नवरा केला की अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या बाईचंही नागरिकत्व जायचं. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी यांचं असंच गेलं. ही अट १९३१ पर्यंत होती.

चिनी मुलींची तीच गत. मेबल ली सोळाव्या वर्षी, १९१२ मध्ये, न्यूयॉर्कच्या मताधिकार मोर्चात घोड्यावर बसून पुढे होत्या. न्यूयॉर्कच्या बायकांना १९१७ मध्ये मत मिळालं. चिनी लोकांना नागरिक होण्याची वाट मोकळी झाली १९४३ मध्ये.

सेनेका फॉल्सच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी कोणी १९२० ला हयात होतं का?

एक. शार्लट वुडवर्ड. सही केली तेव्हा विशीच्या आतली मुलगी, घरी बसून हातमोजे शिवायची. तुकड्यावर पैसे मिळत, आणि तेही तिच्या हातात राहत नसत. जाहिरात वाचून मैत्रिणींना घेऊन घोडागाडीने सभेला गेली. १९२० च्या नोव्हेंबरात त्या नव्वदीत होत्या. प्रकृती बरी नव्हती, मतदानाला जाता आलं नाही.

पुढच्या अंकासाठीची पत्रं पंधरा तारखेच्या आत पाठवा. नववीतल्या मुलीने स्पर्धेचं काय झालं ते कळवावं.